वडावरची वटवाघळं मोजताना

गावच्या वडावर वटवाघळं किती, असं विचारलं की "हजारभर तरी असतील" हे उत्तर ठरलेलं. मोजायला बसलं की तीनशे-साडेतीनशे भरतात. पुढे रस्ता रुंद करायला तोच वड तोडायचा निघाला, की "हजारभर" कुणी विचारात घेत नाही. तारीख, वेळ आणि पद्धत लिहिलेला आकडा मात्र अर्जाला जोडता येतो. शिवाय 1 एप्रिल 2023 पासून सुधारित वन्यजीव कायदा लागू झाला. त्याआधी फळं खाणारी वटवाघळं पाचव्या परिशिष्टात, कावळे-उंदरांसोबत उपद्रवी प्राणी म्हणून नोंदलेली होती. ते परिशिष्टच आता रद्द झालंय.

इथे बोलतोय ते दिवसा झाडाला उघड्यावर लटकणाऱ्या मोठ्या वटवाघळांबद्दल. पंख पसरले की सव्वा मीटर सहज भरतात. किल्ल्यांच्या भुयारांत आणि लेण्यांत राहणाऱ्या जातींना ही पद्धत लागू नाही. वटवाघळांचे माणसाला ऐकू न येणारे आवाज पकडणारं यंत्र, म्हणजे बॅट डिटेक्टर, तेही विकत घेऊ नका. ही वटवाघळं डोळ्यांनी बघून उडतात, प्रतिध्वनी वापरत नाहीत, त्यामुळे यंत्र गप्प बसतं.

सामान थोडंच लागतं: 8×42 ची दुर्बीण, हातात धरून दाबायचा टॅली काउंटर, वही आणि घड्याळ. माणसं निदान दोन.

दिवसाची मोजणी सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान करा. ऊन तापलं की वटवाघळं पंखांनी वारा घ्यायला लागतात, जागा बदलतात आणि गणती बिघडते. झाडापासून तीस-चाळीस मीटरवर उभं राहा. बुंध्यापासून सुरुवात करून एकेक मोठी फांदी संपवा आणि फांदीवार आकडे लिहा. सगळं झाड एका दमात मोजायला गेलं की एकच फांदी दोनदा मोजली जाते. दोघांनी वेगवेगळं मोजायचं, आकडे शेवटीच जुळवायचे. दहा टक्क्यांहून जास्त फरक पडला तर पुन्हा मोजा. फेब्रुवारी ते मे या काळात आईच्या पोटाला पिल्लू चिकटलेलं असतं. आई-पिल्लू मिळून एक धरा, दिसलेली पिल्लं वेगळ्या रकान्यात लिहा.

पण दाट पानांत दिवसा बरीच वटवाघळं लपतात. खरी कसोटी संध्याकाळची.

आदल्या दिवशी नुसतं बघायला जा. वटवाघळं कोणकोणत्या दिशांनी बाहेर पडतात ते पाहून आकाशाचे भाग पाडा: देवळाच्या कळसापासून पाण्याच्या टाकीपर्यंत एक, टाकीपासून विजेच्या खांबापर्यंत दुसरा. एका भागाला एक माणूस. शक्यतो पश्चिमेकडे तोंड करा, उजळ आभाळावर काळी आकृती स्पष्ट दिसते. सूर्यास्ताआधी जागेवर बसा. पुण्याकडे मे महिन्यात सूर्य सातच्या सुमारास मावळतो आणि त्यानंतर पंधरा ते तीस मिनिटांत पहिली वटवाघळं निघतात.

दर मिनिटाचा आकडा वेगळा लिहा. समजा 7:24 ला 6, 7:25 ला 19, 7:26 ला 41 अशी नोंद झाली. नुसती बेरीज लिहिली असती तर नेमका लोंढा कधी आला हे पुढच्या वेळी कळलं नसतं. लोंढा आला की एकेक मोजत बसू नका. दहाचा एक गट नजरेने पकडा आणि काउंटर एकदा दाबा. वहीत बघायला मान खाली घातली की पाच-सात निसटतात, म्हणून आकडे मोबाइलवर बोलून रेकॉर्ड करा.

चुका ठरलेल्या असतात. काही वटवाघळं घिरटी घालून झाडावर परततात. गेलेल्यांतून परत आलेली वजा करा. त्याच वेळी बगळे आणि कावळे मुक्कामाला येत असतात, तेही मोजले जातात. वटवाघळाचे पंख संथ, खोल हलतात आणि मागे शेपटी दिसत नाही. अंधार पडल्यावर निघणारी हातून सुटतातच, म्हणून शेवटी एकच आकडा न देता "420 ते 460" असं लिहा आणि ढग, वारा, चांदणंही नोंदवा. पाऊस असेल तर मोजणी सरळ रद्द.

फ्लॅश मारणं, टाळ्या वाजवून उडवणं, खडे फेकणं अजिबात नको. घाबरून उडालेल्या आईचं पिल्लू खाली पडतं. खाली पडलेलं किंवा मांज्यात अडकलेलं वटवाघूळ उघड्या हाताने उचलू नका. चावलं तर रेबीजचा धोका असतो. कुत्री लांब ठेवा, टोपली उलटी झाका आणि वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर फोन करा. अर्धवट खाल्लेली फळं मुलांना उचलू देऊ नका, वटवाघळांमार्फत पसरू शकणाऱ्या निपाह विषाणूच्या दृष्टीने एवढी काळजी हवीच. झाडाखालून नुसतं गेल्याने मात्र काही होत नाही, हेही गावात सांगा, नाहीतर वडावर कुऱ्हाड यायला वेळ लागत नाही.

मोजणी दर महिन्याला त्याच जागेवरून आणि त्याच पद्धतीने करा. एखाद्या महिन्यात झाड रिकामं दिसलं तर लगेच "संपली" असं लिहू नका. फळं-फुलं जिकडे, तिकडे ती हलतात. आसपासचे जुने वड, चिंचा, निलगिरी तपासा, गुराख्यांना विचारा आणि वहीत त्या तारखेसमोर शून्य लिहा. रकाना कोरा ठेवला तर मोजलंच नाही, असा अर्थ होतो.