दुसऱ्यासाठी चान्स घेताय? ओव्हुलेशन बघताना या चुका टाळा

"पाळीच सुरू नाही, मग मोजायचं काय?" पहिली गफलत इथेच होते. बाळंतपणानंतर बऱ्याचदा आधी स्त्रीबीज सुटतं (हेच ओव्हुलेशन), पाळी त्यानंतर येते. म्हणजे पाळी न येताही दिवस राहू शकतात. अंगावर पाजत असाल तर उलटही घडतं: पाळी येते, पण त्या महिन्यात बीज सुटलेलंच नसतं.

मोबाइलमधल्या ॲपला यातलं काही ठाऊक नसतं. ते तुमच्या जुन्या तारखांवरून चौदावा दिवस दाखवत राहतं. खरं तर चौदा दिवस पुढच्या पाळीपासून मागे मोजायचे असतात. पाळी 35 दिवसांनी येत असेल, तर बीज एकविसाव्या दिवसाच्या आसपास सुटतं.

सगळ्यात जास्त घोळ ओव्हुलेशनच्या पट्टीचा, म्हणजे बीज सुटण्याआधी वाढणारं हार्मोन लघवीत तपासणाऱ्या पट्टीचा. प्रेग्नन्सी टेस्टमध्ये फिकी रेघ आली तरी आनंद होतो, तीच सवय इथे नडते. ओव्हुलेशनच्या पट्टीवर फिकी रेघ म्हणजे 'अजून नाही'. चाचणीची रेघ शेजारच्या रेघेइतकी किंवा तिच्याहून गडद हवी. तशी दिसली की साधारण 24 ते 36 तासांत बीज सुटतं, म्हणून तो दिवस आणि पुढचा दिवस वाया घालवू नका. चाचणीआधी दोन तास तांब्याभर पाणी पिऊ नका, रेघ फिकी पडते. पीसीओएस (हार्मोन बिघडून पाळी अनियमित होण्याचा त्रास) असेल तर पट्टी उगाचच गडद येऊ शकते. पाजणाऱ्या आईच्या शरीरात कधी हे हार्मोन वाढतं, पण बीज सुटत नाही. काही दिवसांनी ते पुन्हा वाढतं. तेव्हा एकदा गडद रेघ दिसली म्हणून उरलेल्या पट्ट्या कपाटात टाकू नका.

काहीजणी बीज सुटल्याचं ओळखायला रोज सकाळी अंगाचं तापमान नोंदवतात, पण त्यासाठी उठण्याआधी किमान तीन तास सलग झोप लागते. तान्हं बाळ असलेल्या घरात! शिवाय तापमान वाढतं ते बीज सुटून गेल्यावर. त्यापेक्षा अंगावरून जाणाऱ्या पांढऱ्या स्रावाकडे लक्ष द्या. तो अंड्याच्या पांढऱ्यासारखा बुळबुळीत, ताणला जाणारा झाला की दिवस जवळ आले. पट्टीची वाट बघत थांबू नका. शुक्राणू पाच दिवसांपर्यंत जगतात, बीज मात्र जेमतेम एक दिवस.

मधल्या काळात दिवस राहू नयेत म्हणून 'अंतरा' हे गर्भनिरोधक इंजेक्शन घेतलं होतं का? शेवटच्या डोसनंतर दिवस राहायला 7 ते 10 महिने लागू शकतात, त्यात पट्टीचा दोष नाही. तांबी काढली असेल तर मात्र लगेचच्या महिन्यातही राहू शकतात. सिझर झालं असेल, तर मोजायला लागण्याआधीच डॉक्टरांना किती अंतर ठेवायचं ते विचारा, आणि फॉलिक ॲसिडची गोळी आत्ताच सुरू करा. वय 35 च्या पुढे असेल तर सहा महिने, नाहीतर वर्षभर प्रयत्न करून बघा. तरी जमलं नाही तर तपासणी दोघांनीही करायची, फक्त बाईने नाही.