गोठ्यातली मारुती ८०० घरीच कशी उभी करायची: आधी इंजिन, शेवटी सीटकव्हर

आमच्या काकांची ९६ सालची मारुती ८००, एमएच-२२ म्हणजे परभणी पासिंगची, चार वर्षं गोठ्यात उभी होती. एका बाजूला कडबा, दुसऱ्या बाजूला म्हैस. भंगारवाला दोन चकरा मारून गेला तेव्हा काका म्हणले, तुला करायची तर कर बाबा, नाही तर देऊन टाकतो. मी काही मेकॅनिक नाही, पान्यांचा सेट होता आन हौस होती एवढंच. दर रविवारी थोडं थोडं करत सहा महिन्यांत गाडी रोडवर आली, आता पोरं विचारायलेत कसं केलं म्हणून हे लिहायलो.

आपल्याकडं जुनी गाडी हातात आली की माणूस सगळ्यात आधी सीटकव्हर आन गाण्यांचा टेप टाकतो. मीपण तेच करणार होतो, पैसे संपले असते आन गाडी जागची हलली नसती. आधी ती सुरू होऊ द्या, नीट थांबू द्या, नटवायचं शेवटी.

पाना हातात घ्यायच्या आधी कागदं बघा. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढं आरटीओत गाडी दाखवून ५-५ वर्षं वाढवून घ्यावी लागते. चेसिस नंबर गंजलाय का ते रॉकेलच्या फडक्यानं पुसून बघा, वाचता येत नसंल तर तिथंच गाडी अडकंल. आन मॉडिफाय म्हणजे दुसऱ्या गाडीचं मोठं इंजिन, फाटका सायलेन्सर असलं डोक्यात असंल तर काढून टाका, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं कंपनीनं दिलेल्या मूळ गाडीत मनानं बदल चालत नाहीत आन २०१९ ला सुप्रीम कोर्टानंही तेच सांगितलंय.

आता पहिली पायरी, आन तीच कोणी पाळत नाही: चावी लावू नका. लई दिवस उभी असलेली गाडी "बघू तरी" म्हणून सेल्फ मारला की कोरड्या सिलिंडरवर पिस्टनच्या रिंगा घासतात. बॅटरीची मायनस वायर काढा, बॉनेट उघडा आन नुसतं बघत बसा. मोबाईलवर सगळ्या बाजूनं फोटो काढा, कोणता पाईप कुठून कुठं जातो ते. मी एअर फिल्टरच्या क्लिपा काढून झाकण उचललं तर आत कापसाचं गुबगुबीत घरटं, त्यात ज्वारीचे दाणे, सोयाबीनची टरफलं आन पोराच्या वहीचा चुरगाळलेला कागद, त्यावर तेराचा पाढा अजून वाचता येत होता. उंदरानं कुरतडलेल्या वायरींना नुसती टेप गुंडाळू नका, सोल्डर करून वरून स्लीव चढवा, आपल्या उन्हात टेपचा डिंक वितळतो आन ती सुटते.

मग पेट्रोल. जुन्या पेट्रोलचा वास वार्निशसारखा येतो, ते सगळं काढून टाका, हातपंपानं, तोंडानं ओढून नाही, आन ते काम उघड्यावर, बिडी-सिगारेटवाल्याला लांब उभं करून. सध्या पंपावर मिळतंय ते २० टक्के इथेनॉलचं. आपल्याच मराठवाड्याच्या उसातून निघालेलं इथेनॉल आपल्याच जुन्या गाडीचं रबर खाणार, कोणाला बोलता. ते हवेतलं पाणी पण ओढतं, गाडी उभी राहिली की पाणी टाकीच्या तळाला बसतं आन आतून गंज चढतो. म्हणून पेट्रोलचे सगळे रबरी पाईप बदला, इथेनॉल सोसणारेच मागून घ्या, सोबत नवीन फिल्टर. या गाडीचा पेट्रोल पंप इंजिनवर बसलेला, मेकॅनिकल, त्याचा पडदा फाटला तर पेट्रोल इंजिन ऑईलमध्ये उतरतं. डिपस्टिक काढून हुंगून बघा, पेट्रोलचा वास आला तर पंप आधी.

इंजिन साधं आहे, ७९६ सीसी, ३ सिलिंडर, हात घालायला भीती नाही. तिन्ही प्लग काढा, प्रत्येक भोकात चमचाभर इंजिन ऑईल सोडा आन रात्रभर तसंच राहू द्या. दुसऱ्या दिवशी क्रँकच्या पुलीच्या बोल्टला पाना लावून हातानं फिरवा, इंजिन ज्या दिशेनं फिरतं त्याच दिशेनं. फिरलं नाही तर जोर करू नका, परत ऑईल, परत एक रात्र. आमचं तिसऱ्या दिवशी सुटलं, आवाज असा आला की जणू म्हाताऱ्या माणसानं गुडघा मोडला. फिरलं की जुनं ऑईल सोडा, फिल्टर बदला, नवीन भरा. ओळखीच्या गॅरेजवाल्याकडून कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजायचं मीटर) मागून आणा, आकड्यापेक्षा तिघांतला फरक बघायचा, दोन सारखे आन एक लई खाली असंल तर त्या सिलिंडरच्या रिंगा, व्हॉल्व किंवा हेड गॅस्केटचं दुखणं आहे, ते लेथवाल्याकडं नेल्याशिवाय होत नाही. टायमिंग बेल्ट दिसायला चांगला असला तरी बदला, रबरच ते. खुणा जुळवायची खात्री नसंल तर एवढ्या एका कामाला मेकॅनिकला घरी बोलवा, त्यात कमीपणा नाही.

माझी चूक सांगतो. प्लगच्या वायरी काढताना मी नंबर टाकले नाहीत, म्हणलं तीनच तर आहेत. या इंजिनचा फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, १-३-२, मी लावल्या १-२-३. सेल्फ मारला तर कार्बोरेटरमधून फाट्‌कन जाळ, आन म्हैस दावं तोडून थेट ओढ्याकडं. काकू दोन दिवस बोलल्या नाहीत. त्यामुळं वायरीला कागदी टेप लावून त्यावर नंबर लिहा, पहिल्यांदा सुरू करताना एअर फिल्टरचं झाकण बसवलेलं असू द्या आन जवळ वाळूची बादली ठेवा.

कार्बोरेटर परातीत खोला. खरंच, स्वयंपाकघरातली जुनी परात. त्यातल्या बारक्या गोळ्या आन स्प्रिंगा अंगणात पडल्या की सापडत नाहीत. जेटच्या (पेट्रोल मापून सोडणाऱ्या बारक्या नळीच्या) भोकात तार खुपसू नका, भोक मोठं झालं की गाडी कायमची पेट्रोल पिणार, क्लीनरचा स्प्रे आन पंक्चरवाल्याची हवा एवढंच. गॅस्केट, पडद्याचं किट मिळतं, ते नवीन टाका.

आता जास्तीचा वेळ द्यायचा तो कूलिंगला. उन्हाळ्यात परभणीचा पारा ४२ च्या वर जातो आन आपल्याकडं रेडिएटरमध्ये काय भरतात, तर बोअरचं पाणी. गिझरच्या कॉईलवर जो पांढरा थर चढतो तोच रेडिएटरच्या नळ्यांत चढतो, मग म्हणायचं मारुती तापते. आमच्या रेडिएटरच्या अर्ध्या नळ्या बंद होत्या. रेडिएटरवाल्याकडून खोलून साफ करून घ्या, वरचा-खालचा होज बदला, झाकण नवीन टाका (झाकणाच्या स्प्रिंगवरच आतलं प्रेशर टिकतं, लोकं झाकणाला झाकणच समजतात), आन डिस्टिल्ड पाण्यात कूलंट अर्धं-अर्धं. फॅन इलेक्ट्रिक आहे, बॅटरीचा करंट थेट देऊन फिरतो का बघा, फिरला तर गरम झाल्यावर आपोआप लागतो का ते बघा, बऱ्याचदा फॅन चांगला आन सेन्सर मेलेला असतो. "गरम पट्ट्यात थर्मोस्टॅट काढून टाका" म्हणणारे भेटतील. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडं जाणारं पाणी अडवणारा व्हॉल्व. थर्मोस्टॅट खराब असंल तर नवीन टाका, काढला तर इंजिन हिवाळ्यात नीट तापतच नाही आन पेट्रोल जास्त जातं. गरम इंजिनचं झाकण उघडायचं नाही हे सांगायला नको, पण सांगतो.

सुरू झाली की दहा मिनिटं जागेवरच चालू द्या, खाली पुठ्ठा टाका, काय ठिबकतं ते त्यावर दिसतं. ५०० किलोमीटरला ऑईल परत बदला, जुना गाळ सुटून येतो.

ब्रेकमध्ये काटकसर नको. मागच्या ड्रममधल्या सिलिंडरचे रबर, मास्टर सिलिंडरचं किट, सगळं जुनं ब्रेक ऑईल बाहेर, नवीन भरून हवा काढा. ड्रममधली धूळ तोंडानं फुंकू नका, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, ओल्या फडक्यानं पुसा. ब्रेकचा भरवसा येईपर्यंत गाडी वाड्याबाहेर काढायची नाही.

आता आतली बाजू. सीटा बोल्ट खोलून बाहेर काढा, कार्पेट उचला. आमच्या कार्पेटखाली काळी माती होती, चिखलाचे पाय वर्षानुवर्षं झटकलेले. काळी माती पाणी धरून ठेवते हे शेतात बरं, गाडीत तिच्याखाली पत्रा चाळणी होतो. ड्रायव्हरच्या पायाखाली माझा स्क्रू ड्रायव्हर आरपार गेला. गंज ब्रशनं घासा, भोकं असतील तिथं वेल्डरकडून पत्र्याचा तुकडा मारून घ्या, पण वेल्डिंगच्या आधी बॅटरी काढा आन खाली पेट्रोलचा पाईप कुठून जातो ते बघा. मग रेड ऑक्साईड, मग रंग, पूर्ण वाळल्यावरच कार्पेट. दाराच्या खालच्या कडेला पाणी जायची बारकी भोकं असतात, ती पण त्याच मातीनं बुजतात, खराट्याच्या काडीनं मोकळी करा, नाही तर पावसाचं पाणी दारातच साचतं आन दार खालून सडतं.

छताचं कापड उन्हानं लोंबलेलं असतं, ते काढून जुना फोम पूर्ण खरवडून नवीन चिकटवायचं, अर्धवट खरवडलं तर पुढच्या मे महिन्यात परत डोक्यावर. सीटांचा स्पंज गादीवाल्यानं बदलून दिला. काकांना रेक्झिनच पाहिजे होतं, चमकतं म्हणून. दुपारी दोन वाजता मोंढ्यात लावलेल्या गाडीत रेक्झिनवर बसून बघा म्हणलं. कापड घेतलं.

खरं मॉडिफिकेशन मी एकच केलं, हेडलाईटला रिले, म्हणजे बारक्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. जुन्या गाडीत सगळा करंट स्विचमधून, बारक्या वायरीतून जातो आन बल्बपर्यंत पोचता पोचता मरतो. रिले लावून बॅटरीतून जाड वायर, मधे फ्यूज, बल्ब कंपनीचाच ६०/५५ वॅटचा, मोठा नाही. गंगाखेड रोडला रात्री ऊसाच्या बिनलाईटच्या ट्रॉल्या उभ्या असतात, त्या आता लांबूनच दिसायल्यात. काका मात्र पहिल्यांदा बसल्यावर एवढंच म्हणले, टेप कुठंय?