क्लचचा पाइप सोडण्याआधी: वर्कशॉपमध्ये नव्याने लागलेल्यांसाठी

आयटीआयचा मोटर मेकॅनिकचा ट्रेड करून वर्कशॉपला लागलात की लगेच हातात पाना मिळत नाही. हाक येते ती अशी: "ए, गाडीत बस आणि क्लच दाब." मिस्त्री गाडीखाली एअर काढत असतो, म्हणजे क्लचच्या पाइपात अडकलेली हवा बाहेर सोडत असतो, आणि तुम्ही वर सीटवर बसून दाब म्हटलं की दाबायचं, सोड म्हटलं की सोडायचं. पोरांना यात कमीपणा वाटतो. मला विचाराल तर हायड्रॉलिक क्लच शिकायला याहून चांगली जागा नाही. एअर धरलेलं पेडल कसं पोकळ लागतं, निप्पल (हवा सोडायचा छोटा स्क्रू) उघडला की ते पायाखालून कसं खाली जातं आणि एअर निघाल्यावर कुठून भार घ्यायला लागतं, हे पायाला एकदा कळलं की पुढे निम्मं निदान सीटवर बसूनच होतं.

मारुती ८०० सारख्या गाडीला क्लचची केबल असायची. ताणली, ढिली केली, तुटली तर बदलली, विषय संपला. हायड्रॉलिकमध्ये पेडलमागे मास्टर सिलिंडर आणि गिअरबॉक्सकडे स्लेव्ह सिलिंडर असतो. पार्टच्या दुकानात याच जोडीला अप्पर आणि लोअर म्हणतात. मध्ये पाइप, पाइपात ब्रेक ऑइल, आणि ते ऑइल पुरवणारा बॉनेटखालचा छोटा डबा. एवढीच गोष्ट आहे. पण ऑइल दाबलं जात नाही आणि हवा दाबली जाते, त्यामुळे पाइपात शिरलेला एक बुडबुडा पेडलची चाल खाऊन टाकतो. क्लच पूर्ण सुटत नाही, रिव्हर्स टाकताना गिअर किरकिरतो आणि कस्टमर सांगतो, "गिअरबॉक्स गेला."

म्हणून पहिलं काम पाइप सोडणं नाही. पाइप सोडायचा की नाही, हे आधी ठरवायचं.

इनोव्हासारख्या गाडीत लोअर गिअरबॉक्सच्या बाहेर दोन बोल्टवर बसलेला असतो. क्लच प्लेट बदलायला गिअरबॉक्स उतरवायचा असेल तर लोअरचे बोल्ट काढा, पाइपाचा क्लॅम्प सोडा आणि आख्खा लोअर तारेने बाजूला बांधून ठेवा. पाइप बंदच राहतो. एअर काढायचा प्रश्न येत नाही. फक्त होजला पीळ पडू देऊ नका आणि लोअर होजवर लटकू देऊ नका. नवीन पोरं उत्साहात दिसेल तो नट सोडतात. जो जोड उघडला नाही, तो गळतही नाही.

लोअर बाहेर लटकत असताना एक धोका मात्र असतो, आणि तो माणसांचा असतो. वर्कशॉपमध्ये गाडी थोडी पुढे ढकलायला, काच वर करायला, मोबाईल चार्जर काढायला कोणी ना कोणी आत बसतंच, आणि बसलं की डावा पाय आपसूक क्लचवर जातो. लोअरला समोर कसलाच अडसर नसतो. पिस्टन बाहेर येतो, ऑइल सांडतं, आणि जे काम टाळलं होतं ते आता करावं लागतं. स्टिअरिंगवर मास्किंग टेप लावून त्यावर मार्करने मोठ्या अक्षरात लिहा: क्लच दाबू नका. हसतील, हसू द्या.

पाइप उघडावाच लागतो तो मुख्यतः दोन वेळा. एक, लोअर किंवा होजच गळत असेल तेव्हा. दोन, लोअर बेल हाऊसिंगच्या (गिअरबॉक्सच्या क्लच झाकणाऱ्या तोंडाच्या) आत, इनपुट शाफ्टभोवती गोल बसवलेला असेल तेव्हा. फोर्ड इकोस्पोर्टसारख्या गाड्यांत असा असतो. क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग त्यालाच जोडलेलं असतं, आणि पाइप सोडल्याशिवाय गिअरबॉक्स खाली येत नाही. असा लोअर प्लेटबरोबरच बदलून टाका. तो पुढे गळला तर तेवढ्यासाठी पुन्हा गिअरबॉक्स उतरवावा लागतो, आणि ती मजुरी कस्टमर दुसऱ्यांदा आनंदाने देत नाही. नवा लोअर बसवण्याआधी हाताने दाबून बघायचा मोह आवरा.

गळती कुठली, हेही पाइप सोडण्याआधीच बघा. अप्पर गळला तर ऑइल बहुतेक वेळा पेडलवरून ओघळत फ्लोअर मॅटपर्यंत येतं. बाहेरचा लोअर गळला तर रबरी बूट मागे सरकवल्यावर ओल दिसते. आतला गळला तर बेल हाऊसिंगच्या तळातून थेंब पडतो, आणि तो थेंब गिअर ऑइलचा की ब्रेक ऑइलचा, हा वाद नेहमीचा. झाकणभर पाण्यात थेंब सोडून बघा. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळतं, गिअर ऑइल वर तरंगतं.

आता प्रत्यक्ष सोडण्याकडे येऊ. जोडाभोवतीची माती आधी ब्रेक क्लीनरने उडवा, हवा मारा, कोरडं करा. इथे रॉकेल, डिझेल, पेट्रोल चालत नाही. ब्रेक ऑइल ग्लायकॉलवर बनलेलं असतं आणि आतली रबरं त्यालाच साजेशी असतात. पेट्रोलियमचा हात लागला की ती फुगतात. आज पेडल छान लागेल आणि काही दिवसांनी अडकायला लागेल. त्याच कारणाने जोडाच्या रबरी रिंगला ग्रीस लावायचं नाही, डब्यातलंच ब्रेक ऑइल बोटाने लावायचं.

ऑइल रंगावर पडलं तर रंग सोलतो. फेंडरवर कव्हर टाका, जवळ पाण्याची बाटली ठेवा, आणि थेंब पडलाच तर पुसत बसू नका, आधी भरपूर पाणी ओता. डब्याच्या तोंडावर प्लास्टिकचा तुकडा ठेवून वरून झाकण घट्ट लावलं की हवा आत येत नाही आणि सुटलेल्या पाइपातून धार लागत नाही, नुसते थेंब पडतात. दुधाची पिशवी धुऊन, पूर्ण सुकवून वापरली तरी चालते. पण काम झाल्यावर ती काढायची. ती आत राहिली की एअर निघता निघत नाही आणि सगळे लोअरला शिव्या देतात.

जोड तीन तऱ्हेचे भेटतील. पाइपाच्या टोकाला फ्लेअर नट असेल तर तो बहुधा दहाचा किंवा अकराचा. त्याला साधा फिक्स पाना लावू नका, कडा गोल होतात. फ्लेअर नटचा वेगळा पाना येतो, रिंग पान्याला एका बाजूने चीर दिल्यासारखा. पहिल्या पगारातून काय घ्यावं असं मला पोरं विचारतात, तेव्हा मी हाच सांगतो. लावताना नट आधी बोटांनी दोन-तीन आटे फिरला पाहिजे. बोटांनी जात नसेल तर आटा तिरका बसलाय. पान्याने जोर लावून तो सरळ होणार नाही. दुसरा बॅन्जो बोल्ट, म्हणजे ज्याच्या पोटातून ऑइल जातं असा पोकळ बोल्ट. त्याच्या दोन्ही बाजूंचे तांब्याचे वायसर नवे टाका. जुने गरम करून परत वापरणारे उस्ताद आहेत, त्यांच्याशी वाद घालू नका, पण तुमच्या जॉबला नवे मागून घ्या.

तिसरा तारेच्या क्लिपचा, आणि नवशिके अडतात ते इथेच. फोक्सवॅगन पोलो, फोर्ड अशा गाड्यांत तो दिसतो. पाइपाच्या टोकाला एक खाच असते आणि जोडावर वाकवलेल्या तारेची क्लिप. चपट्या स्क्रू ड्रायव्हरने क्लिप उचलायची, पण पहिल्या टप्प्यापर्यंतच. ती त्या जागी अडकून राहते आणि पाइप मोकळा होतो. पूर्ण उपटली की उडून इंजिनखाली कुठे जाईल सांगता येत नाही. पाइप सरळ रेषेत ओढायचा. हलत नसेल तर पक्कड लावण्याआधी तो आतल्या बाजूला किंचित ढकला. आतली रिंग चिकटलेली असते, ती सुटते, मग पाइप बाहेर येतो. प्लास्टिकचा जोड असेल तर तिरका जोर अजिबात नको, तो तडकतो आणि तडा दाब आल्यावरच दिसतो.

सोडलेली दोन्ही टोकं ताबडतोब बंद करा. रबरी टोपी नसेल तर नाइट्राइल ग्लोव्हचं बोट कापून चढवा आणि केबल टाय मारा. कापडाचा बोळा कोंबू नका, धागे आत राहतात.

परत जोडताना रिंग पाइपावर आहे की आत जोडातच राहिली, हे टॉर्च मारून बघा. जुनी आत राहिली आणि नवी पाइपावर चढवली तर पाइप पूर्ण बसत नाही. क्लिप आधी तिच्या मूळ जागी दाबायची, मग पाइप ढकलायचा, म्हणजे क्लिप खाचेत पडल्याचा टिक आवाज येतो. आवाजावर विसंबू नका, पाइप मागे ओढून बघा. निघाला नाही तर बसलाय.

मग एअर. निप्पलला पारदर्शक नळी लावा, तिचं दुसरं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवा. वरचा दाबून धरतो, खालचा निप्पल उघडतो, बंद करतो, मगच वरचा पाय सोडतो. क्रम चुकला की बाहेर काढलेलं परत आत ओढलं जातं, म्हणून वरच्याने प्रत्येक वेळी मोठ्याने उत्तर द्यायचं: "दाबलं." "सोडलं." पेडल खालीच राहिलं तर हाताने वर उचला.

डब्यावर लक्ष ठेवा, आणि नीट ठेवा. ब्रेक आणि क्लचचा डबा एकच असेल तर क्लचची नळी सहसा तळाला नसते, बाजूने थोडी वर निघते. क्लच गळला तरी ब्रेकपुरतं ऑइल शिल्लक राहावं म्हणून तशी रचना असते. एअर काढताना तीच फसवते. डबा अर्धा भरलेला दिसतो, पण पातळी त्या नळीच्या खाली गेलेली असते आणि क्लच हवा ओढत असतो. नळी कुठून निघते ते आधी बघून ठेवा आणि पातळी तिच्या वरच राखा.

तरीही पेडल पोकळ राहिलं तर उलट दिशेने जा. मेडिकलमधून मोठी कोरी सिरिंज आणा आणि निप्पलमधून ऑइल सावकाश वर ढकला. हवेला वरच जायचं असतं, तिला वाट द्या. डबा भरून वाहू नये म्हणून त्यातलं थोडं ऑइल आधी काढून घ्या.

ऑइल कुठलं, ते डब्याच्या झाकणावर लिहिलेलं असतं, बहुधा डॉट ३ किंवा डॉट ४, म्हणजे ब्रेक ऑइलची प्रत. डॉट ४ चा उत्कलनबिंदू कोरडं असताना किमान २३० अंश सेल्सिअस धरलेला आहे. हे ऑइल हवेतली ओल ओढतं, आणि ३.७ टक्के पाणी शोषलं की तो १५५ पर्यंत खाली आलेला चालतो. डबा एक असेल तर हेच ऑइल ब्रेकलाही जातं, त्यामुळे महिनाभर उघडी पडलेली बाटली स्वस्तात पडत नाही. आपल्याकडच्या पावसाळ्यात तर डबा उघडा टाकून चहाला जाऊच नका.

इलेक्ट्रिक गाड्या आल्यावर क्लच शिकून करायचं काय, असं हल्लीची पोरं विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण त्या गाड्यांनाही ब्रेकचे पाइप असतात, तोच फ्लेअर नट, तेच ऑइल, तशीच एअर. क्लचवर बसलेला हात तिथे चालतो.

गाडी द्यायच्या आधी हँडब्रेक लावा, चाकाला ठोकळे द्या, इंजिन चालू करा, क्लच पूर्ण दाबून दोन-तीन सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. किरकिर नको. मग एकाने पेडल दाबून धरायचं आणि दुसऱ्याने जोडाला कोरडा टिश्यू लावून बघायचा. जॉब कार्डवर ऑइलचा प्रकार, बदललेल्या रिंगा-वायसर आणि डब्यातली पातळी लिहा, डब्यावर मार्करने रेघ मारा. काही दिवसांनी गाडी तक्रार घेऊन आली तर सुपरवायझर आधी ती रेघ बघेल. पातळी रेघेवरच असेल तर गळती नाही, एअर राहिली असणार, आणि तुम्हाला पुन्हा सीटवर बसून पेडल दाबायला सांगतील.