‘उद्रेकापूर्वीचे दिवस’: ज्वालामुखीच्या अभ्यासात नव्याने येणाऱ्यांसाठी

माझ्या प्रबंधातल्या आलेख क्रमांक चारचा फोटो अजून माझ्या फोनमध्ये आहे. अकरा ज्वालामुखी, अकरा रेघा, आणि उजव्या टोकाला सगळ्यांची उसळी. भूकंपांची रोजची संख्या वाढत वाढत जाते आणि शून्य दिवशी उद्रेक. आठ महिने घातले होते त्यावर. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी आडव्या अक्षावरच्या ‘उद्रेकापूर्वीचे दिवस’ या शब्दांभोवती पेन्सिलीने गोल काढला आणि विचारलं, “हे त्या दिवशी कुणाला माहीत होतं?”

मला प्रश्न कळायलाच दोन दिवस लागले. कळला त्या रात्री झोप लागली नाही.

शिलारस वर सरकताना खडक तडकतात, जमीन फुगते, वायू सुटतात, आणि या सगळ्याला मिळून ज्वालामुखीची ‘अस्वस्थता’ म्हणतात, हे तुम्ही शिकून आला असाल. त्यात वेळ घालवत नाही. ज्या खड्ड्यात मी पडले तो मात्र सावकाश दाखवते, कारण दरवर्षी कुणी ना कुणी त्यात पडतंच.

मी निवडलेले अकराही ज्वालामुखी फुटलेले होते. म्हणजे मी विचारलेला प्रश्न असा झाला: उद्रेक झाला, तर त्याआधी अस्वस्थता होती का? उत्तर जवळपास नेहमीच ‘हो’ येतं. वेधशाळेत बसलेल्या माणसाला मात्र उलटा प्रश्न पडलेला असतो: आज अस्वस्थता आहे, तर उद्रेक होईल का? समजा, पन्नास वेळा अस्वस्थता आली, त्यातल्या दहा वेळा उद्रेक झाला आणि त्या दहाही वेळा आधी भूकंप झाले होते. (आकडे केवळ हिशेबापुरते.) पहिल्या प्रश्नाचं उत्तर शंभर टक्के, दुसऱ्याचं वीस. माझ्या आलेखात उरलेले चाळीस नव्हतेच. त्यांना शून्य दिवसच नसतो, मग ते त्या अक्षावर बसणार कुठे? नुसता अक्ष निवडला आणि न फुटलेले सगळे ज्वालामुखी मी घराबाहेर काढले होते. वरातीमागून घोडं, आणि वर त्याचा वेगही मोजलेला!

राबाउलचं उदाहरण तोंडपाठ करा. पापुआ न्यू गिनीतल्या या कॅल्डेरात (ज्वालामुखी खचून झालेल्या प्रचंड खळग्यात) 1983 ते 1985 या काळात भूकंपांनी कहर केला. 1984 मध्ये तर एका महिन्यात दहा हजारांहून जास्त धक्के नोंदले गेले. उद्रेक झाला नाही. मग 1994 च्या सप्टेंबरमध्ये जेमतेम सत्तावीस तास जोरदार धक्के बसले आणि ताव्हुर्व्हुर व व्हल्कन ही दोन्ही मुखं एकाच सकाळी फुटली. आता सांगा, शून्य दिवस कुठे मांडायचा? पहिली धामधूम ‘खोटा इशारा’ म्हणायची की दहा वर्षं आधीची पूर्वतयारी? मी हे दोन्ही बाजूंनी मांडून पाहिलंय. निष्कर्ष उलटेपालटे होतात.

इटलीत नेपल्सजवळचं काम्पी फ्लेग्रेई हे ज्वालामुखी क्षेत्र घ्या. 1982 ते 1984 मध्ये तिथल्या पोझुओली गावाची जमीन सुमारे 1.8 मीटर उचलली गेली, चाळीस हजारांच्या आसपास लोक हलवले गेले, उद्रेक नाही. तिथला शेवटचा उद्रेक 1538 चा. उलट अमेरिकेतल्या माउंट सेंट हेलेन्सचा उतार 18 मे 1980 च्या उद्रेकाआधी दोन महिने डोळ्यांदेखत फुगत होता, तरी त्या सकाळच्या मोजमापांत ‘आज होणार’ असं सांगणारं वेगळं काहीच नव्हतं. तेव्हा अस्वस्थता जेवढी मोठी तेवढा उद्रेक मोठा, हे समीकरण डोक्यातून काढून टाका. काढाच. आणि उद्रेक मोठा म्हणजे हानी मोठी, हेही. कोलंबियातल्या नेवादो देल रुइसचा 1985 चा उद्रेक आकाराने मध्यमच होता. बर्फ वितळून उतरलेल्या चिखलाच्या लोंढ्यांनी सुमारे तेवीस हजार माणसं नेली, त्यातली बहुतेक आर्मेरो गावातली.

घाबरू नका, हे शास्त्र आंधळं नाही. फिलिपिन्समधल्या पिनातुबोचा 1991 चा उद्रेक विसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्यांपैकी, तरी वेळेवर लोक हलवल्यामुळे हजारो वाचले. पण तिथेही वायूचे आकडे नीट बघा. सल्फर डायऑक्साइड मेच्या मध्यात दिवसाला सुमारे 500 टन, 28 मेला 5000 च्या वर, आणि जूनच्या सुरुवातीला 300 च्याही खाली. नवखा म्हणेल, शांत झाला. तिथल्या शास्त्रज्ञांना शंका आली की वायूची वाट बुजली असावी आणि आत दाब वाढतोय. 15 जूनला मुख्य स्फोट झाला.

म्हणूनच नुसत्या मोजणीवर माझा राग आहे. हल्ली पहिल्याच महिन्यात तयार संगणकीय मॉडेलला सगळे संकेत चारून वर्गीकरण मिळवायची घाई असते. माझं म्हणणं, निदान तीन आठवडे हाताने नोंदी वाचा. कोलंबियातल्या गालेरास ज्वालामुखीवर 1993 च्या जानेवारीत अचानक झालेल्या उद्रेकात सहा शास्त्रज्ञ आणि तीन पर्यटक दगावले, तेव्हा भूकंपलेखकांवर फारशी गडबड नव्हती. होते ते मोजके ‘तोर्निलो’ नावाचे भूकंप-संकेत: एक टोक जाड आणि मग कितीतरी वेळ बारीक होत जाणारी शेपूट, अगदी स्क्रूसारखी. स्पॅनिशमध्ये या शब्दाचा अर्थ स्क्रूच. दिवसाच्या बेरजेत असा संकेत ‘एक’ म्हणून जातो. कागदावर पाहिलात तर जन्मभर विसरणार नाही.

मार्गदर्शक निवडताना गोड बोलणारा शोधू नका. माझा आलेख मॅडमच्या आधी आणखी एका प्राध्यापकांनी पाहिला होता आणि ‘छान’ म्हणून परत दिला होता. त्या ‘छान’ने माझे चार महिने खाल्ले. मॅडमचा स्वभाव खडूस, पण कच्चा मसुदा तिसऱ्या दिवशी वाचून परत यायचा.

काम दुरुस्त कसं केलं, तेही सांगते. अक्षाचा शून्य उद्रेकावरून उचलून अस्वस्थतेच्या सुरुवातीवर आणला. सुरुवात म्हणजे काय, हे आकडे बघण्याआधी लिहून ठेवलं. ते नंतर ठरवायला गेलं, तर मन हवं तिथे रेघ ओढतं. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेच्या ज्वालामुखी-नोंदी आणि ‘वोवोडॅट’ हा ज्वालामुखींच्या अस्वस्थतेचा माहितीसंग्रह चाळून उद्रेकाशिवाय गेलेले अस्वस्थतेचे प्रसंग शोधले. हे कंटाळवाणं आहे, कारण जे घडलं नाही त्याबद्दल लोक कमी लिहितात. प्रबंध सहा महिने लांबला. आभाळ कोसळलं नाही.

या प्रसंगांच्या तक्त्यात शेवटच्या रकान्यात मी ‘उद्रेक: हो / नाही’ असं ठेवलं होतं. काम्पी फ्लेग्रेईची जमीन 2005 पासून पुन्हा वर येतेय, आणि मी घाईत तिथे ‘नाही’ टाकलं होतं. मॅडमची पेन्सिल पुन्हा तिथेच. आता तिथे ‘अजून चालू’ असा तिसरा पर्याय आहे. त्यासाठी संख्याशास्त्राच्या वर्गात परत जाऊन रुग्णांच्या जगण्याच्या काळाचं विश्लेषण करतात ती पद्धत शिकावी लागली. तुम्ही ती पहिल्याच सत्रात घ्या.