जुने कागद डिजिटाइझ करायच्या कामात नवीन येताय? माझा सोलापूरचा अनुभव

सोलापुरात गेली सहा वर्षं मी जुनी कागदपत्रं, चोपड्या, फोटो डिजिटाइझ करायचं काम करते. या कामात यायचंय म्हणणारी मुलं सगळ्यात आधी एकच विचारतात, मॅडम स्कॅनर कुठला घेऊ? खरं सांगू का, स्कॅनरचं बटण दाबणं हे सगळ्यात सोपं आहे, खरा वेळ जातो तो त्याच्या आधी आणि नंतर.

माझं पहिलं काम होतं पूर्व भागातल्या एका कापड व्यापारी घरातलं. लाल कापडात बांधलेल्या चोपड्या, आत बोरूनं लिहिलेली मोडी, पहिल्या पानावर कुंकवाचं स्वस्तिक. मी उत्साहात पहिलं पान साध्या स्कॅनरच्या काचेवर उलटं दाबलं आणि पुढची चाळीस पानं करून मगच स्क्रीनवर बघितलं तर प्रत्येक पानावर त्याच जागी लालसर डाग, कुंकू काचेला चिकटलेलं. सगळं परत करायला लागलं, आणि त्या जुन्या शिवणीला दोनदा ताण बसला त्याचं मला आजही वाईट वाटतं. घरातले काका जवळ येऊन म्हणाले, "असं दाबू नका की ओ, आमचे आजोबा पाटावर ठेवूनच उघडायचे." तेव्हापासून मी वही पाटावरच ठेवते, जी बाजू खाली पडते तिच्याखाली स्वच्छ चादरीची घडी, आणि वरून स्टँडला लावलेल्या कॅमेऱ्यानं फोटो. आधी मऊ ब्रशनं धूळ काढायची, बांधणीपासून बाहेरच्या बाजूला. ओलं फडकं तर अजिबात नको, शाई पसरते.

इथला मे महिना म्हणजे ४२-४३ डिग्री, कागद पापडासारखा होतो, घडी जबरदस्तीनं उलगडली की तुकडा हातात. पावसाळ्यात उलटं, दमट खोलीत बुरशी धरते. त्यामुळे नाजूक गठ्ठे मी मे मध्ये उघडतच नाही.

आता फाइलचं. मूळ प्रत ४०० डीपीआयला (म्हणजे एका इंचात ४०० ठिपके), रंगीत, टिफमध्ये (तपशील न गाळता साठवणारी मोठी फाइल) ठेवायची, जेपेग (दाबून लहान केलेली फाइल) फक्त लोकांना दाखवायला आणि पाठवायला. ए-फोर साइजचं एक पान असं साधारण ४६ एमबी होतं, म्हणजे दोनशे पानांची एक वही नऊ जीबीच्या पुढे, हा हिशोब काम घेतानाच मालकाला सांगा नाहीतर हार्ड डिस्क कुणी घ्यायची यावरून वाद होतात. कोरी पानंसुद्धा स्कॅन करा, नाहीतर दहा वर्षांनी कुणी विचारेल मधलं पान हरवलं का, आणि तुमच्याकडे उत्तर नसेल.

आणि नाव द्या हो फाइलला! "स्कॅन ००१ नवीन फायनल" असलं नको. गठ्ठा नंबर, वही नंबर, पान नंबर, बस. बाकीची माहिती वेगळ्या तक्त्यात: भाषा, लिपी, साल, कुणाकडून आलं. सोलापुरात हे जास्तच लागतं, कारण एकाच रुमालात (कापडात बांधलेल्या गठ्ठ्यात) मोडीतला मराठी जमाखर्च, कन्नड पत्र, तेलुगू लग्नपत्रिका आणि उर्दू पावती निघते. जी लिपी येत नाही तिथं अंदाजानं काही लिहू नका, "लिपी कन्नड, वाचायचं बाकी" एवढं लिहा. लोक १९३० मध्ये इंग्रजांनी इथं लावलेल्या मार्शल लॉचे (लष्करी कायद्याचे), तेव्हाच्या आंदोलनात फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांचे कागद शोधत येतात, शोधायलाच पाहिजेत, पण मजुरीच्या साध्या वहीतसुद्धा कुठल्या महिन्यात माग बंद होते ते सापडतं, म्हणून वही साधी दिसते म्हणून बाजूला टाकू नका.

स्कॅन झाल्यावर तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक गावाबाहेर. आणि चेकसम काढून ठेवा, म्हणजे प्रत्येक फाइलचा एक आकडा, फाइलमध्ये कणभर जरी बदल झाला तरी तो आकडा बदलतो. मी दर सहा महिन्यांनी जुळवते. मागच्या वर्षी अकरा फाइली जुळल्या नाहीत, उघडल्या तर पानाचा खालचा अर्धा भाग करडा. पुण्याला बहिणीकडे ठेवलेल्या डिस्कवर त्या चांगल्या होत्या म्हणून वाचल्या.

अजून एक, ज्याकडे कुणाचंच लक्ष नसतं: नव्वदच्या दशकात कॉम्प्युटरवर टाइप केलेल्या मराठी याद्या. जुन्या फॉन्टमधलं ते मराठी आज उघडलं की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. वाचता येतंय तोवर युनिकोडमध्ये (कुठल्याही कॉम्प्युटरवर नीट दिसणाऱ्या आजच्या पद्धतीत) करून घ्या, शंभर वर्षांपूर्वीची मोडी वाचणारे मिळतात, पण हा फॉन्ट असलेला कॉम्प्युटर मिळत नाही.

मोडी मात्र शिकाच, तीन-चार महिने रोज तासभर दिलात तर जमाखर्चापुरती नक्की येते. कन्नड मला अजून येत नाही. सध्याच्या एका गठ्ठ्यातली सात कन्नड पत्रं वाचायला शेजारच्या आजी गुरुवारी येणारेत, त्यांच्यासाठी मोठ्या प्रिंटा काढून ठेवल्यात.