कमी खर्चात घराची हिवाळ्याची तयारी : विदर्भातील खेड्यांसाठी

विदर्भाची घरे उन्हाळा डोळ्यांसमोर ठेवून बांधली जातात. उंच छप्पर, हवा खेळती राहावी म्हणून ठेवलेल्या फटी, थंड राहणारी फरशी या मे महिन्यातल्या सोयी पौष महिन्यात मात्र अंगावर येतात. 29 डिसेंबर 2018 रोजी नागपुरात पारा 3.5 अंशांपर्यंत उतरला होता. तो प्रकार अपवादात्मक असला, तरी गोंदिया, नागपूर, यवतमाळ या भागांत किमान तापमान 10 अंशांच्या खाली जाणे हे बहुतेक हिवाळ्यांत घडते. दिवसा अंगाला चटका देणारे ऊन आणि पहाटे हाडात शिरणारी थंडी असा येथील हिवाळ्याचा स्वभाव असल्यामुळे तयारी मुख्यतः रात्रीची, त्यातही पहाटे तीन ते सहा या वेळेची करावी लागते.

दिवाळीच्या सुमारास सोयाबीनचे आणि पहिल्या वेच्यातील कापसाचे पैसे हाती येतात खरे, पण कृषी केंद्राची उधारी आणि हरभऱ्या-गव्हाचे बियाणे यांत ते निघून जातात. म्हणून उरलेल्या थोड्या पैशांचा क्रम चुकू देऊ नये. पहिल्याच आठवडी बाजारात घरातल्या प्रत्येकासाठी नवे ब्लँकेट घेण्याची सवय अनेक घरांत आहे. माझ्या मते ती खरेदी मागाहून यावी, कारण वारा आत येत असलेल्या घरात आणि उघड्या फरशीवर महागडे ब्लँकेटही निम्मेच उपयोगी पडते. आधी फटी, मग जमीन, त्यानंतर अंथरूण-पांघरूण आणि शेवटी नवे कपडे, असा क्रम ठेवावा.

फटी शोधण्यासाठी एखाद्या वाऱ्याच्या संध्याकाळी दारे-खिडक्या लावून पेटती उदबत्ती चौकटींजवळून, भिंत आणि छप्पर यांच्या सांध्यालगत फिरवावी. धूर जेथे एकदम वाकतो, तेथून वारा येतो. थंड वारा बहुधा उत्तरेकडून येत असल्यामुळे त्या अंगाची भिंत आधी हाती घ्यावी. मातीच्या भिंतीच्या भेगा माती, शेण आणि बारीक कुटार (मळणीनंतरचा भुसा) यांच्या काल्याने छाबून घेतल्या, तर मजुरीखेरीज काही लागत नाही. दाराखालच्या फटीसाठी जुन्या लुगड्याच्या लांबट पिशवीत वाळू भरून ती रात्री दाराशी टाकावी. खिडकीला काच नसेल, तर खताचे रिकामे पोते उलटे करून स्वच्छ धुवावे आणि चौकटीला खिळ्यांनी ताणून बसवावे. कीटकनाशकाचे पोते किंवा डबा मात्र घरातल्या कोणत्याही कामाला घेऊ नये.

ज्या खोलीत चूल पेटते, तेथील वरची धुराची वाट कधीही बुजवू नये. झोपण्याच्या खोलीतही एखादी लहान फट उंचावर मोकळी असू द्यावी. घर हवाबंद करायचे नसते, झोपलेल्या माणसाच्या अंगावरून जाणारा वारा तेवढा अडवायचा असतो.

कवेलूंच्या (मातीच्या कौलांच्या) घरात वानरांनी फोडलेली आणि सरकवलेली कवेलू दिवाळीपूर्वीच फेरून घ्यावीत. टिनाच्या घराची अडचण निराळी असते. निरभ्र रात्री टिन आपली उष्णता आकाशाकडे इतक्या झपाट्याने सोडते की ते बाहेरच्या हवेपेक्षाही थंड होते आणि माणसांच्या श्वासातील बाष्प त्याच्या आतल्या बाजूला जमून पहाटे थेंब पडतात. यावर उपाय म्हणजे टिनाखाली वीतभर अंतर सोडून बांबूचे तट्टे किंवा शिवून जोडलेली बारदानाची पोती ताणून बांधणे. मधल्या हवेच्या थरामुळे थंडी अडते आणि हेच आच्छादन उन्हाळ्यात उष्णताही कमी करते. चुलीच्या वर आणि विजेच्या उघड्या वायरींजवळ ते बांधू नये. घरकुलाच्या स्लॅबला थेंबांचा त्रास कमी असतो, पण तेथील फरशी रात्रभर अंगातली ऊब ओढून घेते.

जमिनीवर झोपणाऱ्यांनी पांघरुणापेक्षा अंथरुणाकडे अधिक लक्ष द्यावे. अंगाखालची गादी वजनाने दबते, तिच्यातली हवा निघून जाते आणि गारवा थेट पाठीला भिडतो. भंडारा, गोंदिया, गडचिरोली या धानाच्या पट्ट्यात कोरड्या तणशीचा (भाताच्या पेंढ्याचा) चार बोटे जाड थर, त्यावर पोती, सतरंजी आणि गोधडी अशी रचना जवळजवळ फुकट होते. वऱ्हाडात तणीस मिळत नाही. तेथे मागच्या हंगामातला गव्हांडा (गव्हाचा भुसा) पोत्यात भरून त्याची गादी करता येते. सोयाबीनचे कुटार मात्र टोचते आणि त्याच्या धुळीने खोकला लागतो, म्हणून ते गुरांकडेच राहू द्यावे. तणीस दर आठवड्याला उन्हात पसरावी आणि दमट झाल्यास बदलावी. बाजेवर झोपणाऱ्यांना खालून येणारी थंड हवा लागते. त्यांनी दोरांवर आधी दोन पोती पसरून मग गादी टाकावी.

पांघरुणाच्या बाबतीत कापूस पिकवणाऱ्या मुलखाने दुकानातल्या पातळ ब्लँकेटवर अवलंबून राहावे, हे मला फारसे पटत नाही. कापसापासून साधारण एक-तृतीयांश रुई, म्हणजे सरकी (बी) काढलेला कापूस, निघते. एका माणसाच्या रजईला दोन किलो रुई धरली, तर सहा किलो कापूस लागतो आणि क्विंटलला साडेसात ते आठ हजारांचा भाव धरल्यास त्याचे 450 ते 480 रुपये होतात. पिंजण्याची मजुरी वेगळी द्यावी लागली, तरी खोळ जुन्या सुती लुगड्यांची घरीच शिवता येते. एवढा थोडा कापूस जिनिंगमध्ये कोणी घेत नाही, त्यामुळे सरकी हाताने काढावी लागते. हे काम सावकाश होते, म्हणून ते दुपारच्या गप्पांबरोबर पंधरा दिवस आधीच सुरू करावे. शेवटच्या वेच्यातल्या कवडी (किडक्या, नीट न उमललेल्या) कापसाला बाजारात भाव नसतो. तो टाकून न देता त्यातले किडके, पिवळे भाग काढून, सरकी वेगळी करून पुढच्या वर्षाच्या रजईसाठी ठेवावा. सरकीसह कापूस झोपण्याच्या खोलीत साठवल्यास अंगाला खाज सुटते, हे ज्यांच्या घरात कापसाची गंजी राहिली आहे त्यांना सांगायला नको.

जुनी रजई जड आणि गार झाली असेल, तर ती फेकण्याचे कारण नाही. ऊब रुईत अडकलेल्या हवेची असते. गठुळलेली रुई पुन्हा पिंजली की ती पूर्ववत फुलते. तालुक्याच्या ठिकाणी पिंजणयंत्रे असतात आणि दिवाळीनंतर तेथे गर्दी होते, म्हणून गादी-रजई दसऱ्याच्या आसपासच नेऊन द्यावी. एका जाड पांघरुणापेक्षा दोन पातळ गोधड्या अधिक ऊब देतात, कारण त्यांच्यामध्येही हवेचा थर राहतो. सगळी अंथरुणे दुपारी उन्हात टाकावीत, मात्र सूर्य कलण्यापूर्वी घडी घालून आत घ्यावीत. दवाची ओल लागली तर दिवसभराचे ऊन वाया जाते.

सरपणात पऱ्हाटी आणि तुराट्या (कापसाच्या आणि तुरीच्या वाळक्या काड्या) झटकन पेटतात, पण निखारा धरत नाहीत. पाणी तापवायला त्या पुरतात, शेकोटीसाठी बाभळीचे लाकूड असावे. पऱ्हाटीत गुलाबी बोंडअळी टिकून राहते, त्यामुळे मागच्या वर्षीचा ढीग आधी संपवावा आणि नवा ढीग पुढच्या पेरणीपर्यंत शिल्लक ठेवू नये. ढिगातून सरपण काढताना विंचवाचा विचार करून काठीने हलवल्याशिवाय हात घालू नये.

शेगडीविषयी काटेकोर राहावे. बंद खोलीत निखाऱ्यांची शेगडी ठेवून झोपणे जीवघेणे आहे. धूर दिसत नसला, तरी निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा वास नसलेला विषारी वायू निघतो आणि झोपलेल्या माणसाला तो कळतही नाही. डोके दुखणे, मळमळणे, गुंगी येणे ही लक्षणे दिसताच सर्वांना उघड्या हवेत आणावे आणि दवाखाना गाठावा. बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवण्याची पद्धत अजून अनेक घरांत आहे. तेथे शेक द्यायचाच असेल, तर दार उघडे ठेवून, कोणीतरी जागे असताना, थोडाच वेळ द्यावा आणि शेगडी बाहेर न्यावी. नवजात बाळाला टोपी, पायमोजे आणि आईच्या उघड्या छातीशी घेऊन वरून पांघरूण, ही ऊब शेगडीपेक्षा अधिक सुरक्षित असते.

आंघोळीच्या पाण्यासाठी दुपारच्या उन्हाचा उपयोग करावा. काळ्या रंगाचा झाकणाचा ड्रम भिंतीच्या आडोशाला, वारा लागणार नाही असा उन्हात ठेवला, तर चारपर्यंत पाणी कोमट होते; म्हाताऱ्या माणसांनी आणि लहान मुलांनी त्याच वेळी आंघोळ करावी, पहाटेचा हट्ट धरू नये. विहिरीचे किंवा बोअरचे ताजे पाणी पहाटे टाकीतल्या पाण्यापेक्षा कोमट असते, म्हणून सकाळी शक्यतो तेच वापरावे.

शेतीपंपाची वीज आलटून-पालटून रात्रीची येत असल्यामुळे हरभऱ्या-गव्हाच्या ओलितासाठी किंवा रानडुकरांपासून पीक राखायला घरातले कोणी तरी रात्री शेतात असतेच. घरातील सर्वांत चांगला स्वेटर, कानटोपी आणि गमबूट त्या माणसाला द्यावेत. ओले मोजे अंगातली ऊब झपाट्याने नेतात, म्हणून कोरड्या मोज्यांचा एक जोड पिशवीत असावा. तो घरी येईल तेव्हा गूळ घातलेला चहा आणि ज्वारीची भाकर मिळावी. जवसाची चटणी, तीळ, सोले (ओले हिरवे दाणे) घातलेला भात या हंगामातल्या पदार्थांसाठी वेगळा खर्च करावा लागत नाही.

कोठ्यातल्या गुरांना वाऱ्याच्या बाजूने तट्ट्याचा किंवा पोत्यांचा आडोसा करावा आणि खाली रोज कोरडे कुटार पसरावे. वासरांच्या आणि करडांच्या पाठीवर बारदानाची झूल बांधून सकाळी ऊन पडताच ती काढावी.

स्वेटर विकत घ्यायचेच असतील, तर मोठ्या माणसांचे स्वेटर यंदा नव्हे, पुढच्या वर्षासाठी संक्रांतीनंतर घ्यावेत. माल गुंडाळून जाण्याच्या तयारीतला विक्रेता तेव्हा घासाघीस ऐकतो. लहान मुलांचे मात्र आधी घ्यावेत, एक माप मोठे, बाही दुमडून दोन हिवाळे चालेल असे.