आर्वो पैर्ट यांचे संगीत ऐकायला कोठून सुरुवात करावी

एस्टोनियाचे संगीतकार आर्वो पैर्ट (जन्म 1935) यांच्या रचना लावून ठेवून घरातली कामे उरकू नयेत. त्यांत स्वर इतके मोजके असतात की लक्ष हटले तर हाती काहीच लागत नाही. शक्यतो पंखाही बंद करून बसावे.

पहिल्यांदा ‘फ्यूर अलिना’ (1976) ही पियानोची छोटी रचना घ्यावी. 1968 साली ‘क्रेडो’मध्ये ख्रिस्तावरील श्रद्धा उघडपणे मांडल्याने सोव्हिएत अधिकाऱ्यांचा रोष पत्करावा लागल्यावर पैर्ट यांनी, तिसरी सिम्फनी वगळता मैफलीसाठी फारसे काही न लिहिता, ग्रेगोरियन गायन आणि इतर जुने चर्चसंगीत अभ्यासण्यात कित्येक वर्षे घालवली, आणि त्या मौनानंतर हाती आलेली ही दोन पाने आहेत. एकदा फक्त उजव्या हाताची धून ऐकावी. ती स्वरसप्तकात बहुधा लगतच्या स्वरांवरून चालते. दुसऱ्यांदा फक्त डावा हात ऐकावा; तो षड्ज, कोमल गंधार आणि पंचम हे घर सोडत नाही. एकाच ठिकाणी तो रिषभावर जातो, आणि तेथे पैर्ट यांनी स्वरलिपीत एक फूल काढले आहे. दोन आवाजांच्या या बांधणीला त्यांनी घंटांवरून ‘टिंटिनाबुली’ असे नाव दिले.

‘श्पीगेल इम श्पीगेल’ (1978) ऐकताना व्हायोलिनचे स्वर मोजावेत. ओळी एकेका स्वराने वाढत जातात. ‘पासिओ’ (1982) हे सुमारे सत्तर मिनिटांचे लॅटिन गायन मात्र, माझ्या मते, कान सरावल्यावरच घ्यावे.

त्याआधी ‘कांटुस’ (1977) हवे. इंग्रज संगीतकार बेंजामिन ब्रिटन यांच्या स्मरणार्थ लिहिलेल्या या रचनेत तंतुवाद्यांचे पाच थर एकच अवरोही सप्तक वाजवतात, पण प्रत्येक खालचा थर वरच्याच्या निम्म्या वेगाने उतरतो. सोबतीला एकच घंटा आहे. शेवटी आवाज थांबताच यंत्र बंद करू नये. तंतुवाद्ये कोमल गंधाराच्या स्वरमेळावर स्थिरावलेली असताना घंटेचा हलका टोला पडतो, तो त्यांच्या आवाजात झाकला जातो आणि ती थांबल्यावरच कानी येतो. तानपुऱ्याच्या खर्जातून उमटणारा गंधार ज्यांनी ऐकला आहे, त्यांना घंटेच्या त्या विरत्या नादात शुद्ध गंधार ओळखू येईल.